डावीकडचा अर्धा कागद

तीन सोमवार झाले, रावसाहेबांचं पत्र आलं नव्हतं. खरं तर सत्यशीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवायला हवी होती. पावणेतीन वर्षं दर सोमवारी ते पिवळसर पाकीट टेबलावर येऊन पडे आणि त्यांचा अर्धा दिवस नासे. पहिल्या सोमवारी त्या ‘सुटले बाई’ म्हणाल्या. दुसऱ्या सोमवारी शिपायाला दोनदा विचारलं. तिसऱ्या सोमवारी विचारायची लाज वाटली, म्हणून स्वतःच आवक-जावकच्या टेबलापर्यंत चालत गेल्या आणि पाणी प्यायला आल्यासारखं करून परत फिरल्या. विद्यापीठाच्या कुलगुरूंनी करायची ही कामं नव्हेत, पण माणसाचं मन हुद्दा बघून थोडंच वागतं.

रावसाहेब म्हणजे बडं प्रस्थ. कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागलेला हा माणूस पुढे मंत्री झाला, तीन खाती सांभाळून अंगावर डाग न पडता घरी परतला आणि ऐंशीला टेकल्यावर त्याने शहराबाहेरच्या माळावर हे विद्यापीठ उभं करायला लावलं. विद्यापीठ आता सात वर्षांचं होतं. दुधाचे दात पडायचं वय. भोवती काचेच्या कंपन्या भराभर उगवत होत्या आणि संगणकाचा अभ्यासक्रम चालवील असं माणूस हवं होतं, तेव्हा कुलगुरूपदासाठी सत्यशीलाबाईंचं नाव रावसाहेबांनीच सुचवलं. बाई बारा वर्षं परदेशात शिकवून आलेल्या, पण मूळच्या खडकीच्या. वडील दारूगोळा कारखान्यात होते, बालपण तिथल्याच क्वार्टर्समध्ये गेलेलं.

बाई रुजू झाल्या आणि पत्रं सुरू झाली. निळी शाई, टपोरं अक्षर, आणि मजकूर नेहमी कागदाच्या उजव्या अर्ध्या भागात. कागद उभा दुमडून मधोमध घडी पाडलेली असे आणि डावा अर्धा भाग कोरा. म्हाताऱ्यांच्या एकेक तऱ्हा, असं म्हणून बाईंनी तिकडे कधी लक्ष दिलं नाही. उजवीकडे मात्र सगळं जग असे. मुलींच्या वसतिगृहाला पाणी पुरत नाही. निकाल उशिरा लागतात. कंपन्यांना हवं तेवढंच शिकवलं, तर कंपन्या गेल्यावर मुलांनी काय करावं, याचा विचार व्हावा. बाईंना हे सगळं फर्मान वाटे. विद्यापीठ माझं की यांचं, असं त्या घरी चिडून म्हणत. कचेरीतून छापील ठशाचं उत्तर जाई: पत्र पोचले, मार्गदर्शनाबद्दल आभारी आहोत.

मग संध्याकाळच्या वर्गांचं प्रकरण झालं. खडकीच्या कामगारांसाठी ते वर्ग होते. पाळी संपवून, डबा हातात घेऊनच माणसं येत आणि शेवटच्या बाकावर पेंगत पेंगत पदवीधर होत. बाईंच्या वडिलांनी चाळिशीत असंच कुठल्याशा वर्गात जाऊन बी.ए. केलं होतं. वर्ग बंद करायचं बाईंच्या स्वप्नातही नव्हतं. पण संख्या घटली म्हणून विषय बैठकीला आला आणि त्याच सोमवारी पत्र आलं, की वर्ग चालू राहावेत. बैठकीत एक प्राध्यापक हसून म्हणाले, की रावसाहेबांचं पत्र आलंय ना, मग चर्चा कशाला? बाकीचे गालात हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे वर्ग बंद केले.

पुढच्या सोमवारच्या पत्रात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. कडुनिंबाची रोपं कुठे लावावीत, एवढंच होतं. बाईंना जिंकल्यासारखं वाटलं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. याला आता दोन वर्षं झाली होती.

आता तिसऱ्या सोमवारी, आवकच्या टेबलावरून त्या परत आल्या तेव्हा दाराशी दप्तरखान्याचे सीताराम उभे होते. कलेक्टर कचेरीतून निवृत्त होऊन इथे लागलेले, कमी बोलणारे गृहस्थ. जुने कागद संगणकात घालायचं काम चाललं होतं आणि स्कॅनिंगवाल्यांनी विचारलं होतं, की रावसाहेबांच्या पत्रांचा डावा भाग रिकामाच आहे, तो कापून टाकायचा का? जागा वाचेल.

बाई म्हणाल्या, टाका. सीताराम जागचे हलले नाहीत.

“मॅडम, तो भाग तुमचा आहे.”

“माझा?”

“अर्धा समास म्हणतात त्याला. कचेरीची जुनी रीत. हाताखालच्या माणसाने उजवीकडे लिहायचं, डावीकडे साहेबांनी शेरा मारायचा, आणि तोच कागद परत जायचा.”

बाई खुर्चीत बसल्या. हाताखालचा कोण आणि साहेब कोण, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मंत्रिपद भोगलेला माणूस पावणेतीन वर्षं त्यांच्यापुढे कारकुनासारखा कागद ठेवत होता, आणि त्या पोच पाठवत होत्या.

“त्यांनी कधी सांगितलं कसं नाही?” शेवटी त्यांनी विचारलं.

“साहेबाकडे शेरा मागायचा नसतो मॅडम. वाट बघायची असते.”

सीताराम गेल्यावर बाईंनी गठ्ठा मागवला. एकशे सदतीस पत्रं होती. संध्याकाळच्या वर्गांचं पत्र काढून त्यांनी पुन्हा वाचलं. ‘वर्ग चालू राहावेत असे मला वाटते. निर्णय आपला.’ दुसरं वाक्य तेव्हाही तिथेच होतं. बाईंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, मग चष्मा पुसला आणि बॉलपेनने डावीकडे लिहिलं. प्रत्येक अक्षर दाबून लिहिलं.

त्या तशाच सदाशिव पेठेत रावसाहेबांच्या घरी गेल्या. दार सूनबाईंनी, हेमाताईंनी उघडलं. दारातच त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की तीन आठवड्यांपूर्वी दुसराही डोळा गेला. लिहून घेते म्हटलं तर नको म्हणतात. दर शनिवारी विद्यापीठाचं टपाल आलं का ते मात्र विचारतात.

रावसाहेब खिडकीपाशी बसले होते. बाईंनी नाव सांगितल्यावर उठायला लागले. कुलगुरू आल्यावर बसून राहायचं नसतं, हे त्यांच्या हाडात होतं. बाईंनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि कागद हातात दिला. त्यांनी बोटांनी आधी घडी शोधली, मग अंगठा सावकाश डावीकडे नेला. बॉलपेनच्या खोलगट रेघा अंगठ्याला लागल्या. ते थांबले.

“लिहिलंय,” ते म्हणाले.

“वाचून दाखवते. चूक माझी होती. वर्ग जूनपासून पुन्हा सुरू करावेत.”

“सही?”

“केलीय. तारीखही.”

“आजची?”

“आजची.”

“म्हणजे दोन वर्षं,” रावसाहेब म्हणाले. “कचेरीत याहून लवकर परत आलेला कागद मी फारसा बघितला नाही.”

हेमाताई हसल्या. बाईंना हसू आलं नाही. उद्या सगळा गठ्ठा घेऊन येते, एकेक कागद वाचू, आणि प्रत्येकावर शेरा लिहून तुमच्या हातात देते, असं त्यांनी घाईघाईने सांगितलं. रावसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. कागद त्यांनी छातीशी धरला होता.

“गठ्ठा नको. दर सोमवारी एक आणा.”

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. राहिलेले एकशे छत्तीस सोमवार. अडीच वर्षांच्या वर. रावसाहेबांना अठ्ठ्याऐंशीवं लागलं होतं. तो हिशेब त्यांनी कधीच केला असणार, हे बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“रावसाहेब, फार दिवस लागतील हो.”

“लागू देत,” ते म्हणाले. “वाट बघायची मला सवय आहे. फक्त आता सोमवार चुकवू नका.”