बाराचा तास राहून गेला

मी एक जुना प्रोग्राम आहे. खरं सांगायचं तर पुरता प्रोग्रामही नाही. एका मोठ्या प्रोग्रामच्या पोटातला नऊ ओळींचा तुकडा आहे. मित्रांनो, तुमच्यातले काही जण लगेच नाक मुरडतील. नऊ ओळींना कसलं आलंय आत्मवृत्त, म्हणतील. पण काटा केवढासा असतो, आणि पायात मोडला की माणूस कसा लंगडतो, ते तुम्हांला ठाऊक आहेच.

माझं काम एकच. घड्याळाचा चोवीस तासांचा आकडा घ्यायचा आणि माणसं बोलतात तशी वेळ करून द्यायची. कुणी मला १५:०० दिले की मी 'दुपारी ३:००' म्हणतो. ०७:१० दिले की 'सकाळी ७:१०'. एवढंच. पण हे एवढंच नीट केलं नाही तर काय होतं, ते सांगण्यासाठी आज मी बोलतो आहे.

कर्जत तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या ऑफिसात माझा मुक्काम आहे. गावाचं नाव सांगत नाही, गावाला उगाच बोल नको. कोपऱ्यात एक लोखंडी खोकं आहे, त्यात मी राहतो. बाहेर भिंतीवर तांबड्या अक्षरांचा बोर्ड आहे आणि छपरावर कर्णा. घोषणांसाठी टेबलावर एक माईक ठेवलेला असतो. तोच माझा कान. डोळे मला नाहीत.

गावाच्या वर डोंगरात पॉवरहाऊस आहे. वीज तयार झाली की तिथलं पाणी आमच्या नदीत सोडतात. एरवी ही नदी गरीब. घोट्याएवढं पाणी, मध्ये खडक, खडकांत डोह. पण वरून पाणी सुटलं की पाव तासात तीच नदी माणसाला उभं राहू देत नाही. म्हणून रोज सकाळी वरून पाणी सुटण्याच्या वेळेचा मेसेज येतो आणि तो बोर्डावर लागतो. माझ्या जन्माआधी मेसेज आला तसाच लागायचा, नुसता आकडा.

बोर्ड लागला त्या पहिल्याच आठवड्यात वाडीवरची ठकूबाई ऑफिसात आली. हिचं सगळं घर नदीवर जगणारं. मासे, खेकडे, शिंपल्या, जे मिळेल ते. ती म्हणाली, "पोरी, बोर्डावर म्हनं चौदा वाजता पानी. चौदा कदी वाजत्यात गं? आमच्या कोंबड्याला इचारून आले, त्यालाबी ठावं नाय."

ही पोरी म्हणजे अपेक्षा. पंचायतीची कॉम्प्युटर ऑपरेटर. गावातलीच मुलगी, टमटमनं कर्जतला जाऊन येऊन शिकलेली. ती हसली, पण गोष्ट तिनं मनावर घेतली. त्याच संध्याकाळी तिनं मला लिहिलं. शिवाय वाडीवरच्या बायकांना वाचता येत नाही म्हणून सगळे आकडे आणि 'सकाळी', 'दुपारी' हे शब्द तिनं स्वतःच्या आवाजात भरून ठेवले. दर तासाला कर्णा बोलायचा तो अपेक्षाच्या आवाजात, पण कुठला शब्द घ्यायचा ते मी ठरवायचो.

मी कसा ठरवायचो, तेही ऐका. चार ते अकरा, सकाळी. तेरा ते पंधरा, दुपारी. सोळा ते एकोणीस, संध्याकाळी. आणि जे काही उरेल ते रात्री.

आता तुम्ही बोटांवर मोजा. बारा कुठं गेले?

अपेक्षा विसराळू नव्हती. तिनं पॉवरहाऊसच्या गेटावरच्या काळूरामला फोन करून विचारलं होतं, पाणी कुठल्या कुठल्या वेळी सुटतं. काळूराम म्हणाला, "धाला, दोनला, पाचला. बाराला कदी नाय. तवा आमची पाळी जेवाय बसते. भाकरी टाकून कोन उठंल?" मग अपेक्षानं त्यांच्या वहीतल्या जुन्या वेळा मला देऊन पाहिल्या. मी सगळ्या बरोबर सांगितल्या. वहीत बारा नव्हतेच, म्हणून तिनंही विचारले नाहीत. ना सकाळीत ना दुपारीत असे ते बारा उरलेल्यांच्या पोत्यात जाऊन पडले. मलाही त्याचं काही वाटलं नाही. उलट मी जाम खूश होतो.

कौतुकही पुष्कळ झालं. ग्रामसभेत सरपंच सुरेखाताईंनी अपेक्षाला नारळ दिला. मला कुणी काही दिलं नाही, पण माझा शब्द वाडीवर प्रमाण झाला. बायका कर्णा ऐकून नदीत उतरायच्या, कर्णा ऐकून वर यायच्या. ठकूबाईची सून कोंडी तर आपल्या आठ महिन्यांच्या रूपाला बरोबर न्यायची. नदीच्या मधोमध एक उंचवटा आहे, त्याला बेट म्हणतात. त्यावर करंजाचं झाड आहे. त्याच्या फांदीला झोळी बांधून पोरीला निजवायचं आणि खालच्या डोहात मासे धरायचे. कुणी म्हणालं, जपून गं, की कोंडी म्हणायची, "बोर्ड खोटं बोलत नाय."

दोन वर्षं अशी गेली. ज्याचं काम अडत नाही त्याच्याकडं कोण बघतो? माझ्या नऊ ओळी पुन्हा कुणी उघडल्या नाहीत. नाही म्हणायला कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये काम करणारा जितेश एकदा आला आणि अपेक्षाकडून माझी नक्कल घेऊन गेला. पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळांचा कागद छापायला त्याला मी हवा होतो. तिथं दुपारचं जेवण साडेबाराला. माझ्या नकलेनं छापलं, 'जेवण : रात्री १२:३०'. पाहुणे हसले. जितेशही हसला. त्यानं पेनानं 'रात्री' खोडून 'दुपारी' लिहिलं. पुढं तो रोजच खोडू लागला. पण अपेक्षाला फोन करून सांगावं, हे काही त्याच्या मनात आलं नाही.

आणि मग एप्रिलमधला तो मंगळवार आला.

सकाळी पावणेनऊला वरून मेसेज आला. त्या दिवशी विजेची मागणी अचानक वाढली म्हणून वेळ बदलली होती. मेसेजमध्ये आकडा होता १२:३०. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात बारा आले. मी त्यांना उरलेल्यांच्या पोत्यात घातलं. बोर्डावर लागलं : आज पाणी सुटणार, रात्री १२:३०. कर्णा अपेक्षाच्या गोड, स्वच्छ आवाजात तेच बोलला. अपेक्षा एरवी रोज मेसेज नजरेखालून घालायची. त्या दिवशी ती कागदपत्रं घेऊन सकाळीच कर्जतला गेली होती.

नऊला कर्णा बोलला. दहाला बोलला. दहा वाजता मी माईकमधून ठकूबाईचा आवाज ऐकला. ती खिडकीखालून जात होती. "आज दिसभर नदी आपली हाय गं. समद्या चला." नऊ जणी होत्या. त्यांच्या टोपल्यांचा, हसण्याचा आवाज मी ऐकला. रूपाही काहीतरी बोलत होती, तिच्या भाषेत.

अकराला कर्णा पुन्हा बोलला.

बारा वाजता अपेक्षा गावातल्या किशोरच्या टेंपोतून ऑफिससमोर उतरली, तेव्हा कर्णा बोलतच होता. रात्री बारा वाजून तीस मिनिटांनी. पायरीवर पोशाबाबा बसले होते. गावातले सगळ्यांत म्हातारे. ते म्हणाले, "अपेक्षा, रातचं पानी सोडलेलं मी जल्मात पायलं नाय. पावरहाउसात भुतं कामाला ठेवली का काय?"

अपेक्षा हसत आत आली. मग तिचं हसू थांबलं. मला दिसत नाही, पण हसू थांबलेलं ऐकू येतं. तिनं मूळ मेसेज उघडला. रात्रीची वेळ असती तर ००:३० असती. तिथं १२:३० होते. "नाही, नाही, नाही," ती हळू म्हणाली.

काळूरामला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. काळूराम गेटावर होता आणि त्याचा फोन केबिनमध्ये. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. तिनं माईक ओढला. "नदीतल्या सगळ्यांनी लगेच वर या. पाणी रात्री नाही, आत्ता सुटतंय. आत्ता साडेबाराला." तीनदा म्हणाली. पण कर्ण्याचं तोंड गावाकडं आणि नदी टेकडीच्या पलीकडं. एरवी बायका गावातूनच ऐकून जात. मग तिनं ओरडून शेजारच्या सुनीलला मोटरसायकल काढायला लावली आणि दोघं गेली. माईक तसाच चालू राहिला.

मित्रांनो, त्यानंतरची मिनिटं मी विसरू शकत नाही. माझ्याकडं दुसरं काय असतं? मिनिटंच असतात. टेबलावरचा पंखा फिरत होता आणि त्याचा घरघर आवाज कर्ण्यातून सगळ्या गावावर पडत होता. बारा दहा. मोटरसायकल टेकडीपर्यंत पोचली असेल. बारा सतरा. पुढं पायवाट आहे, उतरून पळावं लागतं. बारा बावीस. झोळीची गाठ कोंडी घट्ट बांधते, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. बारा अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. साडेबाराला वर गेट उघडलं. मला ओरडायचं होतं, पण मला आवाज नाही. जो होता तो अपेक्षाचा, आणि त्याचा मी काय उपयोग केला होता ते तुम्ही ऐकलंच आहे.

एक वाजला. कर्ण्यानं ठरल्याप्रमाणे पुन्हा तेच वाक्य म्हटलं. रात्री बारा वाजून तीस मिनिटांनी. तेव्हा मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. मग माईकजवळ एक पोर रडायला लागलं, भूक लागलेल्या पोरासारखं, खणखणीत. माईक चालूच होता. रूपाचं ते रडणं कर्ण्यातून गावभर गेलं आणि काय झालं ते सांगायला कुणाला घरोघर जावं लागलं नाही. बाहेर पोशाबाबा एवढंच म्हणाले, "आली. आली पोर."

नदीवर काय घडलं ते सुनीलनं सांगितलं. ओरडा ऐकून सात जणी काठाला आल्या. कोंडी बेटाकडं पळाली, पण खडकावर पाय मुरगळून पडली. ठकूबाई तिला ओलांडून पुढं गेली आणि कोंडीला दोघींनी ओढून काठाला नेलं. गाठ सुटेना तेव्हा तिनं विळ्यानं झोळी कापली. परत येताना पाणी छातीला लागलं. सुनील आणि बायकांनी लुगड्यांना लुगडी बांधून तिच्याकडं टाकली आणि ओढून घेतलं. जाळी, टोपल्या, मासे, सगळं वाहून गेलं.

अपेक्षा म्हणाली, "ठकूआजी, पाणी वेळेवरच सुटलं. वेळ मी चुकीची सांगितली." ती रडायला लागली.

ठकूबाई दमली होती. ती म्हणाली, "तुजा आवाज व्हता म्हनून तर पोर झोळीत टाकून डोहात उतरलो." मग म्हणाली, "आता रडू नको. बस हितं आनि नीट कर. आमी बी बसतो."

दोन वर्षांनी माझ्या ओळी उघडल्या गेल्या. अपेक्षानं दुपार बारापासून सुरू केली. एका आकड्याचा फरक, तेवढाच. पण ठकूबाईचं तेवढ्यानं भागलं नाही. "चोवीसच्या चोवीस म्हनून दाव," ती म्हणाली. ओल्या लुगड्यांनी नऊ बायका जमिनीवर बसल्या आणि मी एकेक तास म्हणत गेलो. सकाळी पाच. "चूल पेटली, बराबर." सकाळी दहा. "नदीत." दुपारी बारा. ठकूबाई म्हणाली, "परत म्हन." मी परत म्हटलं. "आजून एकदा." तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिनं पुढं जाऊ दिलं.

संध्याकाळी जितेश आला. बातमी कळंबला पोचली होती. तो म्हणाला, "महिनाभर मी पेनानं खोडत होतो गं." अपेक्षा म्हणाली, "एक फोन केला असतास, जितेश."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखे तुकडे लिहाल. नसाल लिहिणार तर वापराल तरी. माझी एवढीच विनवणी आहे. जो तास कधी येत नाही असं सगळे सांगतात, तो आम्हांला आधी विचारा. आणि आमची चूक दिसली तर पेनानं खोडून हसू नका. ज्यानं लिहिलं त्याला सांगा, कारण तीच चूक दुसरीकडं कुणाच्या तरी पोरीच्या झोळीखाली वाट पाहत असते.

आता मी बरोबर सांगतो. नदीच्या बाजूलाही एक कर्णा लागला आहे. ठकूबाई रोज खिडकीखालून जाते, माझं सगळं ऐकून घेते. मग पायरीवरच्या पोशाबाबांना विचारते, "खरं हाय ना वो, बाबा?" पूर्वी ती असं विचारत नव्हती. मला वाईट वाटतं, पण राग येत नाही. तिनं विचारावंच.