पाणीखात्यातला ट

"घंटी दोनदा वाजू दे, मग उचल. लगेच उचललंस तर माणूस बिचकतो, सांगायचं ते विसरतो. आणि 'वॉटर सप्लाय' म्हणताना वॉटरमधला ट असा म्हण की टाळूवर टिचकी वाजली पाहिजे. लाइनमध्ये खरखर असते. ट नाही पोचला तर काहीच नाही पोचत."

टेलिफोन शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी हे सांगितलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. बाई गेल्या, खरखरणाऱ्या तारा गेल्या, पण पाणीखात्याच्या टेलिफोनवर बसणाऱ्या ताईंच्या तोंडातला ट काही गेला नाही. आज त्या खात्याच्या सभागृहात नव्या पोरींच्या रांगेत उभ्या होत्या, आणि पंचविशीतली ट्रेनर मॅडम त्यांच्या त्या 'ट'कडे, ताटात झुरळ निघावं तशी बघत होती.

"वॉडर," मॅडम म्हणाली. "जीभ नुसती शिवायची आणि सोडायची. म्हणा."

"वॉटर," ताई म्हणाल्या.

"ताई, शब्द म्हणताय की खिळा ठोकताय?"

पोरी तोंडावर हात धरून हसल्या. ताई हसल्या नाहीत. मॅडम अमेरिकेत सात महिने राहून आली होती आणि तेवढ्यात तिचा जन्मापासूनचा ट तिकडेच राहिला होता. सात महिन्यांत आपल्याकडे पोराला धड बोबडंही बोलता येत नाही, आणि हिची जीभ बदलली! ताईंनी मनातल्या मनात तिचं नाव सातमाशी ठेवून टाकलं. एरवी त्या कुणाला नावं ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या.

या सगळ्याचं कारण होतं साहेबांनी आणलेलं नवं यंत्र. यंत्र तिकडचं, त्याला तिकडचंच कळायचं. फोन आला की ते आपणच उचलायचं. ऑपरेटरने 'वॉडर हेल्पलाइन' असं त्याला पटेल त्या सुरात म्हटलं की हिरवा दिवा लागायचा, ट ठोकला की लाल. परीक्षेत ज्याचा दिवा लाल लागेल, त्याने तळघरातली रेकॉर्ड रूम सांभाळायची. तिथे ना खिडकी, ना फोन, ना बोलायला माणूस. ताईंना निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. आवाजावर आयुष्य काढलेल्या बाईने शेवटचे चौदा महिने मुक्याने फायलींची धूळ झटकायची!

साहेब मात्र फार मायेने म्हणाले होते की वय झालं की गुडघ्यांसारखी जीभही धरते, तुमचा काही दोष नाही. ही माया ताईंना झोंबली.

मग त्या घरी भांडी विसळताना वॉडर, केर काढताना वॉडर म्हणू लागल्या. त्यांचे यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मला पेलाभर पाणी मिळेल का, की आधी जीभ वळवावी लागेल?" ताईंनी पेला त्यांच्यापुढे आदळला. चौथ्या दिवशी सकाळी केस विंचरताना शब्द अचानक जिभेवरून घरंगळला, तेल लावल्यासारखा. अठ्ठावीस वर्षं माणसांचे आवाज ऐकून तयार झालेला कान तो. त्याला काय जड होतं? आरशातल्या बाईकडे बघून त्यांनी तो पुन्हा म्हटला. आता दाखवतेच सातमाशीला, असं त्यांच्या मनात आलं, आणि बरंही वाटलं.

गुरुवारी दुपारी परीक्षा होती, खऱ्याच फोनवर. साहेब आणि मॅडम खुर्चीमागे उभे राहिले. घंटी वाजण्याआधीच यंत्राने फोन उचलला.

"वॉडर हेल्पलाइन," ताई म्हणाल्या.

हिरवा दिवा लागला. मॅडमने हलकेच टाळी वाजवली. मनात आणलं की होतं, असं साहेब म्हणाले. ताईंच्या कानात तेव्हा एक म्हातारा आवाज बोलत होता. चौथा दिवस आहे हो, नळाला थेंब नाही, आमची ही अंथरुणावर आहे, तिचं अंग पुसायलाही... आणि तिथेच त्या आवाजाच्या जागी सनई लावल्यासारखं संगीत सुरू झालं.

ताईंनी वळून सांगितलं की फोनवरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं राहिलं. मॅडमने समजावलं की काही राहिलेलं नाही. दिवा हिरवा झाला की पाच सेकंदांनी फोन पुढे सरकतो आणि वरच्या फलकावर 'समाधान झाले' अशी नोंद होते. ताईंनी पडद्यावरची यादी मागे सरकवली. तोच नंबर काल दोनदा, आज सकाळी एकदा, आणि आत्ता. चारही वेळा समाधान झाले. पहिली तीन समाधानं त्या हसणाऱ्या पोरींनी केली होती. चौथं त्यांनी स्वतः, चार दिवस तालीम करून.

आठवडाभर सातमाशीसाठी साठवलेली सगळी किळस त्या यादीपुढे त्यांच्याच अंगावर सांडली.

त्यांनी कानावरचा हेडफोन काढला आणि कोपऱ्यातल्या जुन्या फोनवरून तो नंबर फिरवला.

"पाणीखात्यातून बोलतेय."

"मघाच्याच ना तुम्ही?" म्हातारा म्हणाला. "तो शब्द फार छान म्हणता. तुमच्या आधीच्या मुलीही छान म्हणतात. आता पाण्याचं कुणी बोलणार आहे का?"

ताईंनी ते ऐकून घेतलं. मग पत्ता विचारला, मजला विचारला, घरात भांडी किती आहेत ते विचारलं. तिसरा मजला, दोन पिंप आणि एक बादली. त्या म्हणाल्या की पाच वाजता टँकर येईल.

"हे तुम्ही म्हणताय की तुमचं मशीन?"

"मी म्हणतेय. मी स्वतः येते बरोबर."

पलीकडून "बरं," एवढंच आलं.

साहेबांचा चेहरा आंबट झाला होता. टेलिफोनवरचं माणूस टँकरवर बसून जायला लागलं तर मग आम्ही काय नळ दुरुस्त करायचे, असं त्यांनी विचारलं, आणि सहाच्या आत खुर्ची सोडलीत तर उद्या थेट तळघरात बसा असंही सांगितलं. मॅडम जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, अहो पास झालात तुम्ही. कशाला आता?" घाबरल्यामुळे असेल, पण आवाज तिचा स्वतःचा होता, इथलाच. ताईंच्या ओठांवर एक चांगलंच झोंबणारं वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

टँकरची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली, मजल्याचा आकडा दोनदा गिरवला आणि पिशवी उचलून त्या जिना उतरल्या. मागच्या आवारात ड्रायव्हर दारातून पाय बाहेर सोडून पेंगत होता. चिठ्ठी बघून तो म्हणाला की टाकी अर्धीच आहे.

"भर पूर्ण. मी थांबते," ताई म्हणाल्या.

टाकी भरेपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या. मग चप्पल हातात घेतली, दांडी धरली आणि एकेक पाय टाकत उंच केबिनमध्ये चढल्या.