डोळे मिटणारी अस्सल देवी

सत्त्याऐंशी साली मालाडच्या एका चाळीत खंडूबाबाच्या खोलीपुढे रांग लागायची. भिंतीवर जुना कागद, त्यावर लाल-निळी बाई आणि खाली मेण वितळावं तशी अक्षरं. पडदे ओढून बाबानं निळा झिरोचा बल्ब लावला की बाई टक लावून बघायची. लाल लावला की डोळे मिटायची.

"आई गोराईच्या खाडीतून वाहत आली. ही देवाक्षरं. वाचील त्याची जीभ झडेल," बाबा बजावायचा. स्वतः चौथी नापास, त्यामुळे त्याच्या जिभेला धोका नव्हता.

धाकू छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि रद्दीतून जुनी पोस्टरं जमवायचा. म्हणून बाबानं त्यालाच पारखायला बोलावलं. धाकूनं भिंगातून शाई पाहिली, कडा चाचपल्या आणि हरखून बोलून गेला, "अस्सल आहे."

झालं. धाकूनं देवी अस्सल ठरवली, असं चाळभर झालं. लोक मान देऊ लागले, तो त्याला गोड लागला आणि मूर्ख गप्प बसला.

दोन महिन्यांनी त्याची बायको शेवंती रक्त ओकली. टीबीच्या गोळ्या तिनं कधीच बंद केल्या होत्या.

"आयेन डोळे मिटल्यान, म्हणजे रोग मिटलो," ती म्हणाली. "तुमीच म्हणालात ना, अस्सल आसा म्हणान?"

धाकू तडक बाबाच्या खोलीत शिरला आणि पडदे फाडून काढले. उजेडात बाईच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या दोन जोड्या दिसल्या, उघडी लाल, मिटलेली निळी. मग त्यानं पांढऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनं 'लबाड' लिहिलं आणि कागद कोपऱ्यातल्या अंधारात लाल बल्बखाली धरला. शब्द गायब. निळ्याखाली काळाकुट्ट उमटला.

"लाल उजेडात लाल शाई दिसत नाही, एवढंच," तो म्हणाला. जन्मभर उलटे खिळे वाचलेल्या माणसाला ती वितळलेली इंग्रजी अक्षरं कसली अवघड? "अमेरिकेतला गाण्याचा कार्यक्रम, सदुसष्ट साल. तिकीट तीन डॉलर, दारं आठला उघडतील. माझी जीभ जागेवर आहे, बघून घ्या. पोस्टर अस्सल आहे. देवी नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललास रे?" रांगेतून आत आलेल्या शेजारच्या मालननं विचारलं.

बाबा कागद गुंडाळून घाटकोपरला गेला. तिथेही रांग लागली म्हणतात. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोळ्या आता लागू पडणार नाहीत, नव्यानं सगळं सुरू करायचं, आणि खात्री देता येत नाही.

सकाळी धाकूनं पाणी पुढे केलं. शेवंतीनं गोळी तळहातावर फिरवून पाहिली.

"ही तरी अस्सल आसा मां?"

"मी सांगतंय म्हणान घेव नको," धाकू म्हणाला. "छातीचो फोटो बघ, डॉक्टरांक इचार, आणि मगे गीळ."