तांबूला मारायची हाक

दमारिसनं झेप घेऊन चेंडू मुठीनं बाहेर ढकलला, चिखलात कोपरावर आपटली आणि तशीच पडल्या पडल्या ओरडली, "डावीकडं! डावीकडं कोणीतरी!"

तिघीजणी एकदम डावीकडं धावल्या. उजवी बाजू मोकळी पडली आणि चेंडू आरामात जाळ्यात जाऊन बसला.

गेउआ कोचनं शिट्टी वाजवली.

"कोणीतरी नावाची मुलगी आहे का आपल्या संघात?"

मुली फिदीफिदी हसल्या.

"नाही, कोच."

"तुझ्या नाकासमोर केझिया उभी होती. 'केझिया, डावीकडं!' दोन शब्द. मुकी गोलकीपरच ठेवायची तर मी तिथं नारळाचं झाड लावीन. त्याला जेवायला तरी घालावं लागत नाही."

मुकी! आणि दमारिस! तिच्या गावी, फिन्शहाफेनच्या किनाऱ्यावर, निम्म्या वाटेला गेलेली होडी तिच्या एका हाकेवर माघारी वळायची. पण तोंडातला चिखल थुंकून ती नुसती "हो, कोच" म्हणाली.

कोचच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढं चार रकाने होते: वेग, ताबा, नजर, आवाज. लाएच्या या राष्ट्रीय फुटबॉल अकादमीत सगळ्या प्रांतांतून चाळीस मुली दहा दिवसांच्या निवडीला आल्या होत्या. त्यातल्या अठराजणी दोन वर्षं इथंच राहणार, इथल्याच शाळेत जाणार आणि रोज दोनदा मैदानावर उतरणार. बाकीच्या घरी. दमारिसचे पहिले तीन रकाने भरलेले होते. नजरेच्या रकान्यात तर कोचनं दोनदा रेघ ओढली होती, ते तिनं मान लांब करून पाहिलं होतं. चौथा रकाना सहा दिवस कोराच होता.

कारण केझिया तिची तांबू होती. गेल्या नाताळात दमारिसच्या भावानं पाच डुकरं देऊन केझियाच्या थोरल्या बहिणीशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून या दोघी एकमेकींच्या सासरच्या झाल्या. सासरच्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही. त्याआधी दहा वर्षं दोघी एकाच वाळूत खेळल्या होत्या आणि दिवसातून शंभरदा एकमेकींच्या नावानं बोंबलल्या होत्या. आता फक्त 'तांबू'. पहिल्या दिवशी दमारिसनं तशी हाक मारूनही पाहिली, तर चारजणींनी माना वळवल्या. तांबू कुणाला नसते?

तिसऱ्या दिवशी तर कहरच झाला. कोचनं फार दामटल्यावर तांबूनं मागं वळून हाक मारली, "दमारिस, पुढं ये!" दमारिस जागच्या जागी गोठली. चेंडू तिच्या दोन पायांमधून गेला. मैदानावर कुणालाच काही कळलं नाही. दोघींनाच कळलं.

त्या दुपारी उकडलेली रताळी आणि डब्यातली मासळी घेऊन तांबू शेजारी येऊन टेकली.

"कोचनं सांगितलं म्हणून मारली. मला घरी नाही जायचं, तांबू. तूही मार की. इथं आपल्या गावचं कोण बघतंय?"

"मी बघतेय," दमारिस म्हणाली, आणि ताट घेऊन दुसऱ्या बाकावर गेली.

त्यानंतर बोलणं असं नव्हतंच.

पण सहाव्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दमारिसला अशी काही युक्ती सुचली, की ती एकटीच खदखदून हसली आणि वरच्या खाटेवरून तिच्या अंगावर एक चप्पल पडली. सकाळी तिनं बचावातल्या एकेकीला गाठून विचारलं, "तू कुठली? आणि तू?" तांबूला विचारायची गरज नव्हती.

सामना सुरू झाला आणि दमारिसचा आवाज जो सुटला तो थांबेचना.

"वेवाक, मागं ये! किउंगा, तिला सोडू नकोस, चिकट! मापे, डावीकडं! मापे, उडी मार, मार, अस्सं!"

मापेनं उडी मारली आणि डोक्यानं चेंडू पार मधल्या रेषेपलीकडं भिरकावला. एकही गोल झाला नाही. मध्यंतराला कोच तरातरा चालत आली.

"ही काय नावं म्हणायची?"

"जी जिथून आली तिथली, कोच. कुणी चुकून वळत नाही."

"आणि मापे?"

"आमची नदी."

"केझिया म्हणायला जीभ झिजते का तुझी?"

दमारिसनं हातमोजे काढले, म्हणजे बोलताना हात नीट हलवता येतात. "माझी वहिनी तिची सख्खी बहीण आहे, कोच. ती माझी तांबू."

"मी राजधानीत, मोर्सबीत वाढले. मैदानावर तांबूबिंबू काही नसतं."

"असतं, कोच. मैदान जमिनीवरच आहे ना?"

मागं कुणीतरी श्वास आत ओढला. कोचनं वही छातीशी धरून काहीतरी लिहिलं आणि ती निघून गेली. दमारिसनं मान लांब करून पाहिली. काही दिसलं नाही. तिनं हातमोजे पुन्हा चढवले.

दहाव्या दिवशी चाळीसही मुली मैदानावर रिंगण करून बसल्या. कोचच्या हातात एकच कागद होता. तिनं तो दमारिसपुढं धरला.

"घसा बसलाय माझा. तुझा काही बसत नाही. वाच. अंगठा खाली धर, पुढची नावं आधी बघायची नाहीत."

दमारिस उठली. एकेक नाव वाचायची आणि अंगठा एक ओळ खाली सरकवायची. किउंगाची मुलगी किंचाळली. वेवाकची रडायलाच लागली. दहा झाली, पंधरा झाली, सोळा झाली. दमारिस अजून कागदावर आलेली नव्हती.

सतराव्या ओळीशी ती थांबली.

"वाच ना गं!" कुणीतरी ओरडलं.

दमारिसनं वाचलं नाही. रिंगण ओलांडून ती सरळ तांबूसमोर गेली आणि कागद तिच्या हातात दिला. तांबूनं ओळ पाहिली, पटकन तोंडावर हात धरला आणि मुली टाळ्या पिटायला लागल्या.

"अजून एक राहिलंय," कोच म्हणाली. "आता तूच वाच, केझिया."

टाळ्या थांबल्या. तांबूनं शेवटच्या ओळीवर नजर टाकली. तिनं तोंड उघडलं. सगळं मैदान तिच्या ओठांकडं बघत होतं, आणि सगळ्यांत जास्त दमारिस.

तांबूनं तोंड मिटलं. कागदाची नीट घडी घातली, कोचला परत दिली आणि मान खाली घालून, हसू दाबत, शेजारची जागा दमारिससाठी हातानं झटकली.