पार्वतीआक्का आणि एका गोळीचं नाव

पार्वतीआक्का दुकानाच्या पायरीशी आल्या की त्यांच्या कांबळ्यातला चुलीच्या धुराचा आणि ओल्या रानाचा गंध आधी आत येई, आणि मागून श्रावणातल्या फिक्या उजेडासारखं त्यांचं संकोचलेलं हसू. जांबोटीकडच्या वाडीतून पहाटे चालत निघून, बस गाठून, त्या दर महिन्याला शहरात, खासबागेतल्या माझ्या औषधांच्या दुकानात येत. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी जन्माची सोबतीण झाली होती.

चौथीपर्यंतचं मराठी त्यांना वाचता येई. पण आमच्या सीमाभागात डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्याचा कागद कन्नडमध्ये. एकदा त्यांनी लेकीची जुनी वही नैवेद्य ठेवावा तशी काउंटरवर ठेवली.

"अण्णा, कुटली गोळी कशाची त्ये ह्यात मराठीत लिवून द्या की. संगट ठेवीन."

ते डॉक्टरांचं काम, असं म्हणून मी वही परत सरकवली. आम्हा औषधवाल्यांची रीतच ती : लिहिण्यात चूक झाली तर आपणच अडकायचं, आणि खेड्यातली माणसं कागद हरवतातच. त्यांनी वाद घातला नाही. पुढे आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी गर्दीकडे बोट दाखवलं.

भाद्रपदात भाताच्या बांधावरून त्या घसरल्या, डोकं दगडावर आपटलं. जवळच्या, अनोळखी दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. कुठली औषधं चालू आहेत, या प्रश्नाला लेकीपाशी 'एक बारीक गोळी' एवढंच उत्तर होतं. रक्त आतल्या आत वाहत राहिलं, आणि ते का थांबत नाही हे उमगेपर्यंत फार उशीर झाला.

पंधरवड्यानंतर लेक आली. घरीच राहून गेलेली गोळ्यांची पट्टी तिनं पुढे केली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

"डागदर सारखं इचारत हुते, गोळीचं नाव काय म्हणून. मला सांगता आलं न्हाय. आता तरी सांगा, अण्णा."

मी सांगितलं. ते परकं नाव तिनं अडखळत दोनदा उच्चारलं, मान हलवली आणि पायरी उतरून गेली.

त्यानंतर काही दिवस मी येईल त्याला मराठीत लिहून दिलं. शेजारचे दुकानदार हसले, रांग खोळंबली, आणि दिवाळीच्या सुमारास माझा हात पुन्हा नुसत्या गोळ्या मोजू लागला. काळ माणसाला नेतो, मग हळूहळू त्याचा आवाज, त्याचा चेहराही नेतो; उरलेल्या पोकळीचीही मनाला सवय होते, आणि त्या सवयीइतकं निष्ठुर मरणसुद्धा नसावं.