हमीदाचाचीच्या हातचा कागद

एरंडोलला हाताने कागद बनवणाऱ्या कागदी घरांत कामाची वाटणी ठरलेली होती. हौदातला लगदा साच्यावर उचलून कागद काढायचा तो पुरुषांनी, आणि वाळल्यावर त्याला खळ लावून, दगडाने घोटून गुळगुळीत करायचा तो बायकांनी. हमीदाचाचीचा सगळा संसार घोटण्यात गेला, साच्याला काही तिचा हात लागला नाही. लागला असता तर आभाळ कोसळलं नसतं, पण नवरा, नजीरचाचा, या बाबतीत भलता हट्टी होता.

गेल्या साली ते वारले. त्यांनी उचललेले शेवटचे थोडे कागद खळ लावायचे राहिले होते. चाचीने ते चादरीत गुंडाळून पेटीत ठेवले. नवऱ्याच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं.

मग धुळ्याहून प्रज्ञा आली. शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुट्टीत जपानी शाईने पक्षी काढायची. या शाईची कांडी असते, ती दगडावर पाणी घालून गंधासारखी उगाळायची. प्रज्ञाचे जपानी कागद संपले होते, आणि दुकानातल्या कागदावर तिचे पक्षी जीव धरत नव्हते. पद्मालयाच्या तळ्यावर पक्षी बघताना कुणीतरी तिला चाचीचं घर सांगितलं.

चाचीने पेटी उघडली. प्रज्ञाने एका कागदाच्या कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकला. तो हळूहळू पसरला आणि त्याच्या कडेला पिसासारखी लव उमटली. पोरीचा चेहरा असा उजळला की चाचीला नाही म्हणवेना. कागद बनवणाऱ्यालाही तो पेटीत पडलेला आवडला नसता, हेही तिला ठाऊक होतं.

"पुढल्या रविवारी ये. बठ्ठा कागद तयार ठेवस," पेटीतल्या सगळ्या कागदांवर हात ठेवत ती म्हणाली.

आणि इथेच घोळ झाला. अर्धवट माल घराबाहेर द्यायचा म्हणजे नवऱ्याचं नाव घालवायचं. चाचीने गव्हाची खळ शिजवली, एकेका कागदाला लावली आणि दंड भरून येईपर्यंत घोटलं. कागद नुसते चकाकत होते.

रविवारी प्रज्ञाने ब्रश टेकवला. शाई आत मुरेना, वरच्यावर थेंब धरून घरंगळली.

"छान झालेत, चाची," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, हे चाचीने तेव्हाच ओळखलं.

"खरं सांग, बेटी."

"शाई आत जायला हवी होती. खळ नको, हे मीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

चाची कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली. उपाय तिला माहीत होता. कागद कोमट पाण्यात भिजवायचे, खळ धुवायची, पुन्हा कुटून लगदा करायचा आणि नव्याने उचलायचे. पण मग नवऱ्याच्या हातचं काहीच उरलं नसतं.

प्रज्ञाच्या ते लक्षात आलं. "राहू द्या तसेच," ती म्हणाली. "चाचांच्या हातचे आहेत. मी कुठूनतरी मागवीन."

पोरीने हट्ट धरला असता तर चाचीने कागद मुकाट्याने पेटीत परत ठेवले असते. ती सोडून द्यायला तयार झाली, म्हणूनच चाची उठली. पहिला कागद पाण्यात सोडताना तिची बोटं अडली, डोळे भरून आले. मग तिने बाकीचेही सोडले.

लगदा झाल्यावर तिने जन्मात पहिल्यांदा साचा हातात धरला. पहिला कागद फाटला, पुढचा साच्यालाच चिकटून बसला. मग एक निघाला, एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. नजीरचाचांनी तो बघून नाक मुरडलं असतं.

तो वाळल्यावर प्रज्ञाने त्यावर कोतवाल पक्षी काढला. पातळ अंगाला दुभंगलेली शेपटी दोन फटकाऱ्यांत उतरली. जाड अंगाला शाई खोल मुरली आणि पाखराची छाती भरून आली.

"चाची, असा कोतवाल मला आजवर जमला नव्हता," प्रज्ञा म्हणाली. "तुमचे उपकार कसे फेडू? जळगावला माझ्या चित्रांचं प्रदर्शन आहे, तिथे चित्राखाली कागद करणाऱ्याचंही नाव घालणार आहे. चाचांचंच घालू ना?"

चाची चित्राकडे बघत राहिली. कागद मागे ठेवून गेलेल्या नवऱ्याचे आणि तो मागायला आलेल्या या पोरीचे तिने मनोमन आभार मानले. हो म्हणायला तिने तोंडही उघडलं होतं.

"लगदा त्यास्ना शे," ती म्हणाली. "पन कागद मी उचला. मन्हं नाव लिख, हमीदा."