दीडपटीची अक्षरं

रोह्यात स्टेशनकडं जाताना पुंडलिकचं लग्नपत्रिकांचं दुकान लागतं. माणूस खवट, पण तीस वर्षं पत्रिका करावी ती त्यानंच, असं लोक म्हणायचे. गेल्या सालापास्नं मात्र पत्रिकांत चुका निघायला लागल्या. एकदा तर नवरीच्या बापाचं नावच गाळलंन. पोरगी दिपिका डोलवीला कंपनीत कामाला. ती म्हणाली, "बाबा, डोळे दाखवा, नायतर दुकान बंद करा."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? मॉनिटर जुना झालाय," पुंडलिक म्हणाला.

त्याला दुकानातून उठवायचं म्हणजे खडकावरचं कालव उपटायचं. दिपिकानं नवा मॉनिटर आणला, सत्तावीस इंची, फोर-के. लावला, तर अक्षरं झाली राजगिऱ्याएवढी.

"बघितलंस?" पुंडलिक खूश. "ह्यात गरुडालाबी दिसायचं नाय."

मग पेणहून जुहेबला बोलावला. पुंडलिकच्या कंप्युटरात लिनक्स त्यानंच टाकलेलं. हसरा माणूस, पण मशीनसमोर बसला की गप. सेटिंग उघडून त्यानं सगळं दोनशे टक्के केलं. अक्षरं बोराएवढी झाली खरी, पण खिडक्याबी तेवढ्याच फुगल्या. 'हेच ठेवू का?' असं मशीननं विचारलं, तर होकाराचं बटन स्क्रीनच्या खाली गेलेलं. वीस सेकंदांत परत राजगिरा. तीनदा केलं, तीनदा तसंच.

"माझ्या मेव्हण्यासारखं हाय," पुंडलिक म्हणाला. "विचारतो, पण उत्तराला थांबत नाय."

मग जुहेबनं दीडपट केलं. ह्या वेळी बटन सापडलं, पण अक्षरांच्या कडा विस्कटल्या, ओल्या कागदावर शाई पसरावी तशा. जुहेब पुढं वाकला, डोळे बारीक करून म्हणाला, "काका, हे तर मलापण धूसर दिसतंय."

पुंडलिकनं मांडीवर थाप मारली. "ऐकलंस गो, दिपे? तुझ्या वयाच्या माणसाला धूसर दिसतंय! आणि मला म्हणते डोळे दाखवा. वर्षभर हेच तर सांगतोय मी." वर्षभर सकाळी डोळे चोळताना, रस्त्यावरचा माणूस जवळ येईस्तोवर ओळख न देताना जे भय पोटात धरून ठेवलेलं, ते सुटलं. स्वतः उठून त्यानं जुहेबसाठी चहा सांगितला, वर खारी.

"थांबा, होईल," जुहेब म्हणाला. "तुमचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर जुनं हाय. ते आधी लहान काढतंय आणि मग ताणतंय. म्हणून पसरतं." त्यानं मोजमाप परत शंभरावर आणलं, नुसता अक्षरांचा आकार वाढवला, लॉगआऊट करून पुन्हा आत आला. फोल्डरातली वरची फाईल उघडून पान स्क्रीनभर केलं. "या काका. आता ब्लेडनं कापल्यासारखी हायत. वाचा."

पुंडलिक खुर्चीत बसला, चष्मा पुसला, मान सरळ केली. वरची फाईल म्हणजे गडब गावच्या लग्नाची, सकाळीच त्यानं टाइप केलेली.

"आमचे येथे श्री कृपेकरून," तो खणखणीत आवाजात वाचायला लागला, "आमचे ज्येष्ठ चिरंजीव चि. ऋत्विक यांचा शुभविवाह..." मुहूर्त वाचला, स्थळ वाचलं. एका अक्षराला अडखळला नाय. शेवटी "आपले आगमन प्रार्थनीय" म्हणाला आणि खुर्चीत मागं रेलला. "झकास! जुहेब, जिंकलास बाबा."

जुहेबनं स्क्रीनकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

दिपिकाचा हात तोंडावर गेलेला. गडबची पत्रिका खाली सरकली होती. दुपारी तिनंच एक नवीन काम टाइप करून ठेवलं होतं, तेच वर आलेलं. स्क्रीनवर काळ्या चौकटीत लिहिलं होतं, 'कै. जनू यांचे उत्तरकार्य'. खाली वार, तारीख, राहतं घर.

"काय झालं?" पुंडलिक म्हणाला. "अरे, काय झालं?"

"बाबा," दिपिका म्हणाली, "ही लग्नाची नाय. दिवसांची हाय. आपल्या आळीतल्या जनूकाकांची."

पुंडलिक पुढं झाला. नाक काचेला टेकेस्तोवर पुढं झाला. एकदा डावीकडनं बघितलं, एकदा उजवीकडनं. मग हळूच मागं आला. काळी चौकटसुद्धा दिसली नव्हती त्याला.

"काका, अजून मोठं करतो की," जुहेब म्हणाला. "चारपट करू, पाचपट करू. मशीनला काय."

"नको."

"उद्या अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ, बाबा. मी रजा टाकते," दिपिका म्हणाली.

पुंडलिकनं तिच्याकडं तोंड केलं नाय. "जुहेब," तो म्हणाला, "ते मघाचं करून ठेव. दीडपटवालं."

"काका, त्यात तर कोणालाच धड दिसत नाय."

"व्हय. तेच कर."

जुहेबनं दिपिकाकडं बघितलं. ती दाराकडं तोंड करून डोळे पुसत होती. मग त्यानं माऊस धरला, दीडपट केलं, 'ठेवा'वर बोट दाबलं. जनूकाका काचेवर पसरले, आणि चहा आला तरी तिघं त्या पसरलेल्या नावाकडंच बघत बसली.